कोकणची आगबोट : निवृत्त कोण झाले?

रिसाली (भिलई) : मुंबईहून जयगड आणि विजयदुर्ग या बंदरांपर्यंत मोटारींसह प्रवासी नेणारी 'रो-रो' बोट सुरू करण्याची घोषणा २०२५ साली झाली, तेव्हा कोकणवासीयांना एक जुनी गोष्ट नव्याने मिळणार म्हणून तिचे सर्वत्र स्वागत झाले. या बोटीचे जे दरपत्रक त्या वेळी प्रसिद्ध झाले त्यात सर्वांत खालच्या वर्गाचे भाडे २,५०० रुपये आणि मोटारीचे भाडे ६,००० रुपये असे आकडे होते. बोटीची लांबीरुंदी, वेग, आसनांची संख्या यांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु ज्या माणसासाठी या किनाऱ्यावर शंभराहून अधिक वर्षे आगबोट चालत होती, तो माणूस या दरपत्रकात कोठे बसतो, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

तो विचारणे अगत्याचे आहे. जी गोष्ट आज नवलाईची म्हणून पुढे केली जात आहे, ती कोकणच्या किनाऱ्यावर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीपासून होती आणि ती आपल्या पिढीच्या डोळ्यांदेखत बंद झाली. ती आपोआप बंद पडली नाही, बंद होऊ देण्यात आली. नव्या बोटीचे मोल ठरवावयाचे तर जुनी बोट कोणासाठी चालली आणि कोणाच्या हिशेबाने थांबली, हे आधी पाहिले पाहिजे.

भाषांतराचे काम करणाऱ्याला येथे एक बारकावा जाणवतो. माणूस आणि जहाज, दोघेही सेवेतून गेले की इंग्रजी बातमीदार एकच क्रियापद वापरतो. मराठीत मात्र माणूस निवृत्त होतो आणि बोट मोडीत निघते. हा फरक केवळ शब्दांचा नाही. निवृत्त होणाऱ्याचे काही देणे लागते, मोडीत निघणाऱ्याचे लागत नाही. आगबोटीच्या बाबतीत या दोहोंपैकी कोणता शब्द कोणाला लागू पडला, तेच पुढे पाहावयाचे आहे.

आगबोटीचा प्रवासी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफर्ड कंपनीच्या आगबोटी कोकणकिनाऱ्यावर नियमित धावू लागल्या. पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने हा व्यवसाय हाती घेतला. तिच्याशी स्पर्धा करण्यासाठी स्वदेशीच्या भावनेतून उभी राहिलेली सहकारी कंपनी लोकांच्या तोंडी 'माझी आगबोट कंपनी' म्हणूनच राहिली. 'तुकाराम', 'रामदास', 'रोहिदास' अशी संतांची नावे आगबोटींना देण्यात आली, त्यावरूनही या बोटी कोणाच्या जिव्हाळ्याच्या होत्या हे कळते. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत आगबोट पणजीच्या दिशेने जाई. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ पर्यंत ज्यात समाविष्ट होता त्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा जगाशी संबंध मुख्यतः या वाटेनेच होता. सह्याद्रीचे घाट, खाड्यांनी तोडलेले रस्ते आणि रेल्वेचा पूर्ण अभाव अशा मुलखात समुद्र हाच राजमार्ग होता.

या राजमार्गावरून मुख्यतः माणसांची श्रमशक्ती वाहून नेली जात असे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरणी कामगारांत सर्वांत मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा होता. खोतीच्या जाचाखाली भरडलेला कुळवाडी, चार गुंठ्यांच्या तुकड्यावर पोट न भरणारा धाकटा भाऊ, कर्जात बुडालेला बलुतेदार हे सारे वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन आगबोटीच्या डेकवर बसले आणि परळ-लालबागच्या चाळीत उतरले. परतीच्या वाटेने मनीऑर्डरी गेल्या, दुखणेकरी गेले, बाळंतपणासाठी सुना-लेकी गेल्या आणि शिमग्याला चाकरमानी गेला. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा सार्वत्रिक संप चालला आणि त्याच लढ्यात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. एवढा दीर्घ संप टिकण्यामागे जी अनेक कारणे होती त्यांत एक हेही होते की कामगाराचे गाव तुटलेले नव्हते. उपासमारीच्या दिवसांत बायकामुलांना गावी धाडण्याची सोय त्याला होती. गिरणीमालकाला स्वस्त मजूर आणून देणारी वाटच कामगाराला संपात तग धरण्याची वाटही झाली. इतिहासात साधने अशीच दुहेरी काम करतात.

डेकवरचे आणि डेकखालचे कष्ट

आगबोटीच्या आठवणी सांगताना पुष्कळांचा सूर हळवा होतो. पहाटेचा भोंगा, किनाऱ्यावर लुकलुकणारे कंदील, डेकवर रंगलेली भजने. हे सारे खरे आहे; परंतु एवढेच खरे मानणे ही फसवणूक ठरेल. बहुतेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि प्रवाशांना पडावातून तिच्यापर्यंत जावे लागे. लाटेवर पडाव वर आला की खलाशाने हात धरून ओढावयाचे, तान्ही मुले एका हातातून दुसऱ्या हातात द्यावयाची आणि ट्रंका दोराने चढवावयाच्या, असा तो प्रकार होता. 'बोट लागणे' हा वाक्प्रचार मराठीत आला तो डेकच्या उतारूंच्या पोटातून ढवळून आलेला आहे. वरच्या वर्गाला केबिन आणि वारा, तर डेकला तेलाचा वास आणि ओल. समाजाची उतरंड बोटीवरही जशीच्या तशी चढत असे.

डेकच्या खाली आणखी एक उतरंड होती, ती प्रवाशाला क्वचितच दिसे. सारंग, तांडेल, सुकाणी, आगवाला, तेलवाला, भंडारी ही नावे जहाजावरील श्रमविभागणीची आहेत आणि त्यांतील बरेचसे कामगार याच किनाऱ्यावरच्या गावांचे होते. आगवाल्याने बॉयलरच्या तोंडाशी कोळसा लोटावयाचा आणि त्याच्या बळावर वरच्या डेकवर गार वाऱ्यात चहा प्यायला जावयाचा. पावसाळ्यात किनारी वाहतूक बंद राही, तेव्हा त्या महिन्यांत कोणाच्या घरी चूल कशी पेटावी याची चिंता कंपनीच्या हिशेबवहीत कोठे लिहिलेली नसे.

या दुर्लक्षाची किंमत प्राणांनी मोजावी लागली. ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन्ही आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला एक महिना उरला असताना, भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही अवघी अकरा वर्षांची बोट ऐन पावसाळ्यात काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे समुद्रात गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. सकाळी बोट बुडाली आणि मुंबईला खबर पोहोचली ती वाचलेली माणसे किनाऱ्याला लागल्यानंतर. बोट जुनी नव्हती, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. लोखंड म्हातारे झाले म्हणून नव्हे, तर माणसाच्या जिवाची तजवीज खर्चात धरली नाही म्हणून हा घात झाला.

आजही ती वृत्ती गेली आहे असे म्हणता येत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि पंधरा जण मृत्युमुखी पडले. धडक प्रवासी बोटीच्या चुकीने झाली नव्हती. तथापि परवान्याहून अधिक उतारू आणि अंगावर जीवरक्षक जाकिटे नसणे, या दोन गोष्टी 'रामदास'नंतर सत्त्याहत्तर वर्षांनीही मुंबई बंदरात नांदत होत्या, हे त्या दिवशी उघड झाले.

तोटा कोणाच्या वहीत?

गोवामुक्तीनंतर मुंबई–पणजी मार्गाला नवे महत्त्व आले. 'कोकणसेवक' व 'कोकणशक्ती' या चौगुल्यांच्या बोटी या मार्गावर आल्या. खाजगी मालकाला हा व्यवहार परवडेनासा झाला तेव्हा, १९७० च्या दशकात, तो सरकारी मालकीच्या मोगल लाईनकडे आला आणि १९८६ साली मोगल लाईन भारतीय नौवहन महामंडळात विलीन झाली. म्हणजे नफा होता तोवर बोट खाजगी राहिली आणि तोटा दिसू लागताच ती सार्वजनिक झाली. हा क्रम आपल्या देशात नवा नाही.

तोट्याची कारणे काल्पनिक होती असे नव्हे. वर्षातील पावसाळ्याचे महिने बोट बांधून ठेवावी लागे. मे महिन्यात माणसांवर माणसे आणि एरवी डेक मोकळा, अशी स्थिती असे. खाड्यांच्या तोंडाशी गाळ साचत होता, धक्के बांधले गेले नव्हते. एस. टी. गावागावांत पोहोचली होती आणि दारात थांबणारी गाडी सोडून पडावात बसण्याची हौस कोणाला असणार? आगबोटीचा उतारू कमी झाला तो काही अंशी स्वतःच्या सोयीने, हे मान्य केले पाहिजे.

परंतु यातील एकेक कारण तपासून पाहावे. गाळ काढणे आणि धक्के बांधणे हे शासनाचे काम होते. ते झाले नाही, म्हणून उतारू घटले. उतारू घटले, म्हणून तोटा आला आणि तोटा आला, म्हणून खर्च करणे अव्यवहार्य ठरले. सार्वजनिक सेवा आधी उपाशी ठेवावयाची आणि मग ती अशक्त झाली म्हणून तिला निकालात काढावयाचे, ही रीत रुग्णालयांपासून शाळांपर्यंत सर्वत्र ओळखीची आहे. शेवटचा धक्का बाहेरून आला. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेच्या वाहतुकीसाठी या किनाऱ्यावरील बोट वळविण्यात आली आणि कोकणची नियमित प्रवासी सेवा जी खंडित झाली ती पुन्हा उभी राहिली नाही.

येथे तारखा ध्यानात घ्याव्यात. आगबोट गेली १९८० च्या दशकाच्या अखेरीस. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला १९९८ साली. मधल्या सुमारे दहा वर्षांत कोकणातील गरीब माणसाला समुद्रही नव्हता आणि रूळही नव्हते. होता तो मुंबई–गोवा महामार्ग, त्याची वळणे आणि रात्रभर उभ्याने केलेला प्रवास. रेल्वे आली म्हणून आगबोट गेली, असे जे सहज बोलले जाते ते म्हणूनच चूक आहे. पर्याय येण्याआधीच साधन काढून घेतले गेले. हीच ती वर्षे की ज्यांत १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुराडी एकामागून एक थंड होत होती. ज्या कामगारासाठी आगबोट होती त्यालाच शहराने मोडीत काढले होते. मग त्याच्या बोटीची फिकीर कोण करणार?

रिकाम्या झालेल्या समुद्रावर पुढे काय आले, तेही बोलके आहे. १९९० च्या दशकात दमानिया कंपनीची जलद कॅटमरान आली आणि काही वर्षांत गेली. २०१८ साली 'आंग्रिया' ही सहलीची बोट मुंबई–गोवा मार्गावर आली आणि तीही टिकली नाही. दोहोंत डेकचे स्वस्त तिकीट नव्हते. मार्ग तोच राहिला, उतारू मात्र बदलण्यात आला. तरीही 'या मार्गावर बोट चालत नाही' असा निष्कर्ष काढणारे हे विसरतात की ज्याच्या जिवावर ती शतकभर चालली त्याला या बोटींवर जागाच नव्हती.

म्हातारी बोट जाते कोठे?

हा प्रश्न एकट्या कोकणचा नाही. श्रीमंत देशांत सेवेचा काळ संपलेल्या प्रवासी बोटी पुष्कळदा मोडीत जात नाहीत, त्या गरीब उतारूंकडे जातात. १९६३ साली जपानमध्ये बांधलेली एक बोट १९७५ साली फिलिपिन्समध्ये विकली गेली आणि पुढे 'दोन्या पाझ' या नावाने बेटाबेटांतून चालू लागली. २० डिसेंबर १९८७ रोजी नाताळच्या गर्दीत ती तेलवाहू जहाजावर आदळून पेटली आणि चार हजारांहून अधिक माणसे मेली. त्यातील बहुतेकांची नावे उतारूंच्या यादीतही नव्हती.

दक्षिण कोरियाच्या 'सेवोल'ची कथा तर निवृत्तीचा नियमच बदलल्याची आहे. प्रवासी बोटीच्या वयाची मर्यादा वीस वर्षांची होती. व्यापाराला सवलत म्हणून २००९ साली ती तीस वर्षांवर नेण्यात आली. १९९४ साली जपानमध्ये बांधलेली आणि तेथे अठरा वर्षे वापरून झालेली बोट २०१२ साली कोरियात विकत घेतली गेली, तिच्यावर वरचे मजले वाढविण्यात आले आणि माल बेसुमार भरण्यात आला. कप्तानासह कर्मचाऱ्यांपैकी पुष्कळ जण अल्पमुदतीच्या कंत्राटावर होते. १६ एप्रिल २०१४ रोजी ती उलटली आणि ३०४ जण बुडाले. त्यांतील बहुसंख्य एका शाळेची मुले होती. कप्तानाने उतारूंना सोडून पळ काढला याचा जगभर धिक्कार झाला, आणि तो योग्यच होता. परंतु वयाची मर्यादा वाढविणारी लेखणी आणि कंत्राटी भरती करणारा मालक यांचा हिशेब एका कप्तानाच्या भ्याडपणात मिटत नाही.

आणि ज्या बोटी खरोखर मोडीत निघतात त्यांचे शेवटचे काम आपलाच कामगार करतो. मुंबईचा दारूखाना आणि १९८३ पासून गुजरातचे अलंग येथे जगभरची जहाजे भरतीच्या पाण्यावर किनाऱ्याला चढविली जातात आणि गॅसच्या ज्योतीने कापली जातात. कापणारा मजूर बहुधा उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, झारखंड येथून आलेला असतो. अॅस्बेस्टॉसची धूळ, टाकीत साठलेला वायू आणि वरून कोसळणारा पत्रा, हे त्याचे सोबती. जहाजमोडणीसंबंधीचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ रोजी अमलात आला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तो कागदावरून किनाऱ्यावरच्या वाळूपर्यंत किती उतरतो हे मात्र तेथील कामगारांच्या संघटित शक्तीवर अवलंबून राहील.

दुसरी रीत आहे काय?

आहे, आणि ती शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. गोव्यात नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी आजही चालतात आणि पायी चालणाऱ्या उतारूला त्यांवर भाडे पडत नाही. १९७० च्या सुमारास मांडवीवर नेहरू पूल झाला तेव्हा फेरीबोटीचे दिवस संपले, असे मानणारे शहाणे तेथेही असतील. ५ जुलै १९८६ रोजी तो पूल कोसळला आणि नवा पूल १९९२ साली होईपर्यंत पणजीचा सारा भार फेरीबोटींनी उचलला. सेवा सार्वजनिक मालकीची होती आणि केवळ नफ्यावर तोलली गेली नव्हती, म्हणूनच आणीबाणीच्या वेळी बोटी हाताशी होत्या.

भांडवलशाहीची राजधानी मानल्या जाणाऱ्या न्यूयॉर्कमध्येही स्टेटन आयलंडची फेरी १९०५ पासून नगरपालिकेची आहे आणि १९९७ पासून उतारूंना ती मोफत आहे. तेथील १९६५ सालची 'जॉन एफ. केनेडी' ही बोट २०२१ साली निवृत्त झाली, २०२२ साली लिलावात गेली आणि विनोदी नटांनी विकत घेतली, याची वर्तमानपत्रांना मोठी मौज वाटली. मौजेच्या बातमीत एक साधी गोष्ट झाकली गेली. बोट निवृत्त झाली, पण सेवा निवृत्त झाली नाही. तिच्या जागी नव्या बोटी आल्या आणि कामावर जाणारा माणूस पूर्वीसारखाच पैसे न देता पलीकडे जात राहिला. नफा हाच देव मानणाऱ्या देशाला जे एका खाडीपुरते परवडते, ते आपल्याला साऱ्या कोकणासाठी का परवडू नये?

भिलईचा संबंध

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या रिसालीसारख्या वस्तीत बसून आगबोटीचा विचार कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर या वस्तीच्या शेजारीच उभे आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून भिलईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली. येथील प्लेट मिलमधून जहाजबांधणीच्या पोलादी पाट्या निघतात. २०२२ साली नौदलात दाखल झालेल्या 'विक्रांत' या विमानवाहू युद्धनौकेच्या पोलादात बोकारो आणि राउरकेलाबरोबर भिलईच्याही कामगारांचा घाम आहे. ज्या देशाला एवढे अवघड जहाज स्वतःच्या पोलादातून बांधता येते, त्याला पाचशे-सातशे माणसे नेणाऱ्या साध्या प्रवासी बोटी बांधता येत नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. पोलाद आहे, गोद्या आहेत, कसबी हात आहेत. उणीव आहे ती निर्णयाची. आणि निर्णय कोणाच्या बाजूने घ्यावयाचा, हा राजकारणाचा प्रश्न होय.

भिलईच्या कामगाराला आगबोटीची कहाणी दुसऱ्याही कारणाने ओळखीची वाटेल. येथेही कायम कामगार निवृत्त होतो आणि त्याच्याबरोबर त्याची जागाही निवृत्त केली जाते. काम तेवढेच राहते, पण करणारा ठेक्यावरचा असतो. माणूस जाणे हा निसर्गनियम आहे, लोखंड झिजणे हाही. परंतु जागा रद्द करणे, सेवा मिटविणे आणि हक्काचे साधन बाजारात विकावयास काढणे यात निसर्गाचा काही संबंध नाही. 'जुने झाले' या तीन-चार अक्षरांआड हे दोन वेगळे व्यवहार एकत्र दडविले जातात, ते वेगळे करून दाखविणे हे आपले काम आहे.

म्हणून नव्या बोटीला विरोध करण्याचे कारण नाही. किनाऱ्यावर पुन्हा बोट यावी, ही मागणी तर आपलीच असावयास हवी. मात्र तिच्याबरोबर चार गोष्टी मागितल्या पाहिजेत. बोटीवर एस. टी.च्या भाड्याच्या जवळपास येणारा सामान्य वर्ग असावा आणि त्यासाठी लागणारे अनुदान शासनाने उघडपणे द्यावे. सुरक्षिततेच्या साधनांत आणि उतारूंच्या मर्यादेत कोणतीही सवलत नसावी. बोटीवरील व धक्क्यावरील कर्मचारी कंत्राटी नव्हे, कायम असावेत आणि पावसाळ्याच्या बंद महिन्यांतही त्यांचे वेतन चालू राहावे. आणि पर्यायी साधन प्रत्यक्ष सुरू झाल्याखेरीज कोणतीही सार्वजनिक प्रवासी सेवा बंद करता येणार नाही, असे बंधन कायद्याने घालावे. ही शेवटची मागणी फक्त बोटींपुरती नाही. गावची शेवटची एस. टी., पॅसेंजर गाडीचा छोटा थांबा, खाडीवरची तर, या सर्वांना ती लागू आहे.

कोकणची आगबोट परत आणा म्हणून कोणी कोळशाचा धूर आणि पडावातला जीवघेणा चढउतार परत मागत नाही. जुनी बोट मोडीत निघावी, हे योग्यच होते. तिच्यावरचा डेकचा उतारू मोडीत निघावयास नको होता. २,५०० रुपयांच्या दरपत्रकावर चर्चा सुरू करावयाची असेल तर ती त्याच्यापासून करावी.